कर्ज काढून दान द्यावं का?

"दीड वर्षापूर्वी मुलगा खूप आजारी होता, तेव्हा मी प्रार्थनास्थळात उभं राहून एक रक्कम बोलले. तेव्हाच्या आमच्या तीन महिन्यांच्या मिळकतीएवढी. मुलगा बरा झाला. पुढे यजमानांचं काम सुटलं, घरात येणारा पैसा एक तृतीयांशानं कमी झाला, घराचा हप्ता मात्र तोच राहिला. आता तिथले एक कार्यकर्ते दर आठवड्याला फोन करतात. सभागृहाचं बांधकाम चालू आहे, देणाऱ्यांची नावं दगडावर कोरणार आहेत, नाव यायचं असेल तर याच महिन्यात द्या आणि माझ्या मोबाइल नंबरवर पाठवा, म्हणतात. अडचण सांगितली तर म्हणाले, दागिने गहाण टाका नाहीतर कर्ज काढा. बोललेलं राहिलं की ज्याच्यासाठी बोललो त्यालाच भोगावं लागतं. तेव्हापासून मुलगा नुसता शिंकला तरी पोटात गोळा येतो. सासूबाईंच्या गोळ्या या महिन्यात मी निम्म्याच आणल्या. घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. बोललेलं फेडलंच पाहिजे का? हिशोब विचारला तर अश्रद्धा ठरेल का? आणि मुळात माणसानं द्यावं तरी किती? धर्म मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उत्तर त्यातच अडकेल."
– एक आई

ताई, आधी सासूबाईंच्या उरलेल्या गोळ्या आणा. पत्राचं बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

हे आम्ही नुसतं काळजीपोटी सांगत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात म्हटलंय, की घरची माणसं हालात असताना जो परक्यांना देतो त्याचं दान तोंडाला मधासारखं लागतं आणि पोटात विष होतं. तो धर्म नव्हे, धर्माची नक्कल. भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीला सांगतात, ज्या दानानं उपजीविकाच संकटात येते त्याची जाणते स्तुती करत नाहीत. (बळीनं ऐकलं नाही हे खरं. पण त्याच्या दारात वामन उभा होता, तुमच्या फोनवर कार्यकर्ते आहेत.) बौद्धांच्या अंगुत्तर निकाय या ग्रंथात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणं दिली आहेत. त्यातलं शेवटचं, देताना स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ न देणं. कुराणाच्या सतराव्या सूरेत हात मानेला बांधूनही ठेवू नका आणि पार पसरूनही टाकू नका, असं सांगितलं आहे. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1517 मध्ये पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 मुद्दे मांडले. त्यातला 46 वा सांगतो, की ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त नाही त्यानं घराला लागणारा पैसा घरातच ठेवावा, तो या पत्रांवर उधळू नये.

निदान किती द्यावं हे सगळे सांगतात, जास्तीत जास्त किती हे कुणी सांगत नाही. पण तशी मर्यादाही धर्मांनी घालून ठेवली आहे. ज्यू परंपरेत उशा या गावी जमलेल्या धर्मगुरूंनी ठरवलं, की उदार माणसानंही आपल्या संपत्तीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर उद्या त्यालाच दुसऱ्यापुढे हात पसरावा लागेल. इस्लाममध्ये मृत्युपत्रानं दान ठेवायचं तर एक तृतीयांशापर्यंतच. वारसांना दारोदार हिंडायला लावण्यापेक्षा खाऊनपिऊन सुखी ठेवून जाणं बरं, असं त्याचं कारण हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, दिलं आहे.

आता बोललेल्या रकमेचं. हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. संकटात माणूस बोलून जातो आणि मागाहून झेपत नाही, हे धर्मशास्त्रं लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याची वाट आधीच करून ठेवली. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात, नवस करणाऱ्याला ठरलेली रक्कम झेपत नसेल तर त्याला याजकापुढे न्यावं आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी, असा सरळ नियम आहे. ज्यू रिवाजात तीन जाणत्यांपुढे बसून नवस सोडवून घेता येतो. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे खाजगी नवसातून पॅरिशचा, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चचा, धर्मगुरू रास्त कारणासाठी मोकळीक देऊ शकतो, आणि कबूल केलेल्या कामाऐवजी तेवढंच किंवा त्याहून चांगलं काम नवस करणाऱ्याला स्वतःच ठरवता येतं. इस्लाममध्ये मोडलेल्या शपथेची भरपाई कुराणाच्या पाचव्या सूरेत ठरवून दिली आहे: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे किंवा गुलामाची मुक्तता, आणि तेवढीही ऐपत नसेल तर तीन दिवसांचे रोजे. ज्याला नवस झेपत नाही त्याला अनेक विद्वान हीच भरपाई लावतात. हिंदू पूजेच्या संकल्पात 'यथामिलितोपचारद्रव्यैः' असं म्हणतातच, म्हणजे जे मिळालं त्या साहित्यानिशी. आणि गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर भागतं.

म्हणून वसुली करणाऱ्याकडे जाऊ नका, तुमच्या धर्मातल्या जाणत्या माणसाकडे जा. फरक ध्यानात ठेवा: ज्याच्या हाती पावतीपुस्तक आहे तो नवसाचा निवाडा करणारा नव्हे. बोलताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. बोललात तेव्हा मिळकत किती होती आणि आता किती आहे. आणि तुमच्या शब्दावर विसंबून कुणी काही खर्च करून बसलं आहे का. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. समजा, तुम्ही लेखी कबूल केलंत आणि त्या भरवशावर संस्थेनं ठेकेदाराला काम दिलं, तर तो नुसता मनातला नवस राहत नाही, दुसऱ्याचं त्यात नुकसान होतं. तुमच्या पत्रावरून तसं काही झालेलं दिसत नाही. तुम्ही देवापाशी बोललात, सभागृह नंतर निघालं.

मुलाला भोगावं लागेल, हे जे तुम्हाला ऐकवलं गेलं त्याचा आम्हाला मनापासून राग आला. आईच्या भीतीवर पैसे मागणं हे कुठल्याही धर्मात बसत नाही. मूल शिंकलं तर ती सर्दी असते, ताप तीन दिवस राहिला तर डॉक्टर असतो. तुमच्या राहिलेल्या नवसाशी त्याचा काही संबंध नाही. ज्या देवानं मूल बरं केलं असं तुम्ही मानता, तोच देव नवस राहिला म्हणून त्याच मुलावर उठेल, हे तुमच्या श्रद्धेलाही पटणार नाही.

आता आकडे मांडू. कागद घ्या आणि यजमानांना शेजारी बसवा. हे लपवून ठेवणंच तुम्हाला जास्त जड जातंय. रुपयांऐवजी भाग धरू, म्हणजे तुमची मिळकत कितीही असली तरी हिशोब तोच राहील. सध्याची महिन्याची मिळकत 100 भाग. ती एक तृतीयांशानं घटली, म्हणजे पूर्वी 150 होती. तुम्ही तीन महिन्यांची बोललात, म्हणजे 450 भाग. घराचा हप्ता, किराणा, औषधं, शाळा, वीज, प्रवास यांत 82 भाग जातात असं धरू. अडीअडचणीसाठी 10 बाजूला पडलेच पाहिजेत, कारण एकाची नोकरी गेलेली आहे. राहिले 8. त्यातले निम्मे घरच्या बारीकसारीक गोष्टींना लागतीलच. उरलेल्या 4 मधून 1 नेहमीच्या दानधर्माला आणि 3 नवसाला. 450 भागिले 3, म्हणजे 150 महिने, साडेबारा वर्षं. हे झेपण्यासारखं नाही, आणि जाणत्या माणसापुढे नेमका हाच आकडा ठेवायचा आहे. 'आम्हाला जमत नाही' यापेक्षा 'साडेबारा वर्षं लागतील' हे समोरच्याला लवकर कळतं.

कर्ज काढलं तर काय होईल तेही पाहू. 450 भाग, द.सा.द.शे. 14 व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण साडेदहा भाग. तुमच्याकडे उरतात 8. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून अडीच भाग त्या 10 मधून काढावे लागतील, आणि घरात पहिलं आजारपण आलं की हप्ता चुकेल. पाच वर्षांत एकूण 628 भाग जातील. त्यातले 178 देवापर्यंत पोचणारच नाहीत, ते व्याज. दागिने गहाण टाकले तरी गणित हेच, वर दागिने जाण्याची टांगती तलवार.

आम्ही सुचवू ते असं. दरमहा 3 भाग, तीन वर्षं. त्याचे 108 होतात, बोललेल्या रकमेचा जवळजवळ पाव हिस्सा. उरलेल्यातून मोकळीक मागा, किंवा त्याच्या बदल्यात हातानं होईल असं काम मागून घ्या: रुग्णाच्या नातेवाइकांना डबे पोचवणं, आठवड्यातून दोन तास मुलांचा अभ्यास घेणं. मूल आजारी असताना बोललेल्या शब्दाला हे काम शोभून दिसेल. मिळकत वाढली तर पुन्हा बघता येईल, पण आत्ता तसं वचन देऊ नका. एकदा वचनानं घाईला आणलं आहे, तेवढं पुरे.

किती द्यावं, या प्रश्नात लोक बहुतेक एकाच ठिकाणी चुकतात: टक्के घेतात, पण ते कशावर लावायचे ते बघत नाहीत. इस्लाममधली जकात, म्हणजे नेमून दिलेलं दान, अडीच टक्के म्हणून हलकी आणि बायबलमधला दशांश दहा टक्के म्हणून जड, असं नाही. जकात मिळकतीवर नसून साठलेल्या संपत्तीवर असते. रोख, सोनं-चांदी, विक्रीचा माल हे मिळून निसाबाच्या वर, म्हणजे साधारण 85 ग्रॅम सोन्याच्या किंवा 595 ग्रॅम चांदीच्या किमतीच्या वर असेल आणि त्यावर एक चांद्र वर्ष उलटलं असेल, तर त्याचा चाळिसावा हिस्सा. राहतं घर आणि वापरातलं वाहन त्यात धरत नाहीत; वापरातल्या दागिन्यांबद्दल आणि देणं किती वजा करायचं याबद्दल पंथांत मतभेद आहेत. ज्याच्याकडे साठलेलं नाही त्याच्यावर जकात लागतच नाही. उलट, कर्जात बुडालेला माणूस ती घेण्याच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे. बायबलमधला दशांश मुळात शेतीच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा होता, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी ठेवायचा होता. नव्या करारात प्रेषित पौलानं आकडा दिलाच नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा बळजबरीनं नाही, एवढंच म्हटलं. शिखांचा दसवंध प्रामाणिक कमाईचा दहावा हिस्सा. भागवतात शुक्राचार्यांनी संपत्तीचे पाच वाटे सांगितले: धर्म, यश, पुन्हा अर्थार्जन, स्वतःची सुखं आणि स्वजन. धर्माचा वाटा पाचातला एक आहे.

ज्यांच्या धर्मात आकडा ठरलेला नाही, त्यांनी खर्च आणि अडीअडचणीसाठीची बचत वगळून जे उरतं त्याच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरुवात करावी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो वेगळ्या पाकिटात काढून ठेवावा. महिनाअखेरीला काढायचं ठरवलं की एकतर काही उरत नाही, नाहीतर कुणी भावनेला हात घातला की उरलेलं सगळं एकदम जातं. पाकीट असलं म्हणजे 'या महिन्याचं दिलं, पुढच्या महिन्यात बघते' असं मान वर करून सांगता येतं. अडचणीतला भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांना दिलेलंही दानच आहे. हदीसमध्ये तर त्याला दुहेरी म्हटलंय, दान आणि नातं राखणं. आईवडील आणि मुलं यांचं मात्र दानात धरू नका, ते कर्तव्य. सासूबाईंच्या गोळ्याही त्यातच.

पूजा, नमाज, मिस्सा किंवा पाठ चालवणाऱ्या माणसाला आपण जे देतो ते दानाच्या पाकिटातून देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. तो त्याचा वेळ आणि शिक्षण यांचा मोबदला आहे. आधी विचारून घ्यावा, ठरलेला चोख द्यावा, कार्य झाल्यावर घासाघीस करू नये. श्रद्धेनं द्या असं तो म्हणाला तर गोंधळ होतो. अशा वेळी दुसऱ्या कुशल कामाला अर्ध्या दिवसाचं जे दिलं असतं ते धरावं.

हिशोब विचारणं ही अश्रद्धा नाही. दिलेला पैसा तुमचा राहिलेला नाही, तो देवाच्या किंवा गरिबाच्या नावचा झाला; म्हणूनच तो सांभाळणाऱ्याला विचारायचं. जिथे काम चोख आहे तिथे विचारलेलं आवडतं. पावती हातोहात मिळाली पाहिजे, तिच्यावर छापील क्रमांक, तारीख, रक्कम, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि कशासाठी दिलं ते हवं, आणि पुस्तकात तिची स्थळप्रत राहिली पाहिजे. यातलं 'कशासाठी' हे लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. सर्वसाधारण निधीत दिलं तर ते दिवाबत्तीपासून पगारापर्यंत कशालाही वापरता येतं. ठरावीक कामासाठी दिलं तर त्याच कामाला लागलं पाहिजे. कायम निधीत दिलं तर मुद्दल तसंच राहतं, व्याज तेवढं खर्चायचं. बांधकामासाठी घेतलेल्या पैशातून उत्सव होतो तो बहुधा चोरीमुळे नाही. पावतीवर 'देणगी' एवढंच लिहिलेलं असतं आणि तीन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. बांधकाम रखडलं तर पैशाचं काय करणार, हेही देतानाच विचारा.

दानपेटीचं बघायचं तर दोन कुलपं आणि दोन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या. मोजणारे किमान दोन, आणि एकमेकांचे नातेवाईक नकोत. नोटांचा तक्ता जागेवरच भरून दोघांच्या सह्या, आणि पेटीतली अख्खी रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. अख्खी, कारण गडबड इथेच होते. मोजण्याआधीच पेटीतून फुलांचे, मांडवाचे, रिक्षाचे पैसे दिले जातात, मग जमा किती झालं होतं ते कधीच कळत नाही. एकच माणूस गोळा करतो, मोजतो, भरतो आणि वहीत लिहितो, अशी जागा असेल तर तो माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्या भल्यासाठीच दुसरा सोबत द्यावा. नाहीतर उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याच्यापाशी पुरावा नसतो.

तुमच्या बाबतीत पहिली खूण ही, की पैसे कार्यकर्त्याच्या नंबरवर मागितले. मोबाइलवरून पाठवताना पडद्यावर खातेदाराचं नाव दिसतं; तिथे संस्थेचं नाव नसेल तर पुढचं बटण दाबू नका. भिंतीवरचा क्यूआर कोड असला तरी नाव बघा, मूळ कोडवर दुसरा चिकटवलेला असू शकतो. दुसरी खूण घाई, तिसरी भीती, चौथी कर्ज काढण्याचा सल्ला. या चारांपैकी दोन एकत्र आल्या की थांबायचं. आणि पुढेमागे याच ओळखीतून कुणी 'हे दान नाही, गुंतवणूक आहे, आपल्याच माणसांसाठी आहे' म्हणत आलं तर चहा द्या आणि पाठवून द्या. श्रद्धेच्या ओळखीवर अशी फसवणूक सोपी होते, कारण तिथे कागद मागायला संकोच वाटतो.

दगडावरच्या नावाबद्दल थोडंच. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू विद्वानानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा, ही वरून दुसरी. माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पायावर उभं करणं ही सगळ्यात वरची. आणि मन मारून देणं सगळ्यात खालची. गीतेच्या सतराव्या अध्यायातही परतफेडीच्या आशेनं किंवा मनाला क्लेश देऊन दिलेलं दान राजस ठरवलं आहे. नाव कोरून घेण्यात गुन्हा नाही, त्यानं इतरांना द्यावंसं वाटतं हेही खरं. पण नावाच्या मुदतीसाठी तुमच्या घराची मुदत मोडायची नाही.

आता फोन उचलू नका. जाणत्या माणसाशी बोलून झालं, की संस्थेच्या विश्वस्तांच्या नावे, कार्यकर्त्याच्या नावे नव्हे, चार ओळी लिहा आणि पोच घ्या. मजकूर असा चालेल:

"मी दीड वर्षापूर्वी एक रक्कम बोलले होते. कुटुंबाची मिळकत घटल्यामुळे ती आता देता येत नाही. या महिन्यापासून 36 महिने, दरमहा ठरावीक रक्कम संस्थेच्या खात्यात जमा करीन. ती कोणत्या कामासाठी धरावी ते पावतीवर लिहून मिळावं. माझं नाव फलकावर नको. यापुढे पैशांसाठी फोन करू नये, काही कळवायचं असल्यास लेखी कळवावं."

खाली सही, तारीख, आणि यजमानांचीही सही.